हातात किती?

आमच्या नोकरभरतीच्या कन्सल्टन्सीत इंटर्नचं काम म्हणजे फोन. सकाळी दादरला टीवायबीएमएसची, म्हणजे बीएमएसच्या शेवटच्या वर्षाची लेक्चर्स, दुपारी अंधेरी पूर्वेचं ऑफिस. पोर्टलवरून रेझ्युमे काढायचे, फोन लावायचे आणि ठरलेले प्रश्न विचारायचे: आत्ताची सीटीसी (म्हणजे कंपनीचा माणसामागचा वर्षाचा एकूण खर्च), अपेक्षा, नोटीस पिरियड, राहता कुठे. मुंबईत खरा प्रश्न शेवटचाच. पोर्टलवर 'मुंबई' टाकलं की विरारपासून पनवेलपर्यंत सगळे येतात, आणि मीरा रोडच्या मुलाला वाशीचा जॉब सांगितला तर पगार ऐकायच्या आधीच तो 'नको मॅडम' म्हणतो. म्हणून ट्रॅकरमध्ये मी वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर असा कॉलमच घालून घेतला. 'पैसे किती भरायचे?' असंही बरेच जण विचारतात, आधी कुठेतरी फसलेले असतात बिचारे. आम्ही उमेदवाराकडून रुपयाही घेत नाही. फी कंपनी देते, वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तीही माणूस जॉइन झाल्यावर.

जुलैत एका क्लायंटचा वॉक-इन होता. हाउसकीपिंगची माणसं पुरवणारी कंपनी, पोस्ट पेरोल असिस्टंटची, सीटीसी २ लाख ६४ हजार. जेडीत, म्हणजे कामाच्या लेखी वर्णनात नव्हतं, पण फोनवर बजावलं होतं, 'तिशीच्या आतलेच पाठवा.' त्या दिवशी पावसाने सेंट्रलचे बारा वाजवले. लाइन-अपमधले एकेक जण कुर्ल्याला, सायनला अडकल्याचे फोन करत होते आणि क्लायंटच्या एचआर मॅडम चहावर चहा घेत बसल्या होत्या.

तेवढ्यात अंबरनाथहून एक गृहस्थ आले. पंचेचाळिशीचे, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे. यादीत नाव नाही. शेजाऱ्याच्या मुलाला आलेला मेसेज वाचून आले होते. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसला सतरा वर्षं हजेरी आणि पगारपत्रकं केलेली. कारखाना बंद पडला. मला पाणी मागतानासुद्धा ते 'मॅडम' म्हणाले, माझ्या बाबांच्या वयाचा माणूस. मी टीएलकडे, म्हणजे आमच्या टीम लीडरकडे पाहिलं. ती म्हणाली, "पाठव आत. नाहीतरी मोकळ्याच बसल्यात."

मी शेजारी नोंदी घेत होते. एक्सेलचे प्रश्न झाले, त्यांनी नीट उत्तरं दिली. मग त्यांनीच विचारलं, "हातात किती येतील?"

"बावीस हजार."

"ती सीटीसी झाली. बेसिक?"

"अकरा."

त्यांनी रेझ्युमे उलटा केला आणि पेन काढलं. मालकाचा पीएफ १,३२०, ग्रॅच्युइटी ५२९, मालकाचं ईएसआयसी (कामगार विमा) सव्वातीन टक्के, हे सगळं बावीस हजारातून आधी वजा. उरलेल्या पगारातून पुन्हा स्वतःचा पीएफ, ईएसआयसीचे पाऊण टक्का, प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे. कॅल्क्युलेटर नाही, खाडाखोड नाही. खाली रेघ मारून लिहिलं: १७,८५०. "आणि फेब्रुवारीत शंभर कमी. तेव्हा पीटी तीनशे कापतात."

मॅडमनी तो कागद स्वतःकडे ओढून पुन्हा पाहिला. ज्या पोस्टसाठी माणूस हवा होता, त्याच कामाची परीक्षा त्यांच्यासमोर आपोआप झाली होती.

फीडबॅक आला: ओव्हरक्वालिफाइड. मी टीएलला म्हटलं, सतरा-अठरा हजारांना ओव्हरक्वालिफाइड कसलं? ती म्हणाली, "वय मेलमध्ये कुणी लिहितं का गं?" खरंच कुणी लिहीत नाही, आणि त्यामुळे कुणाला जाबही विचारता येत नाही. मला ते अजिबात पटलेलं नाही.

निवड झाली तेवीस वर्षांच्या एका मुलाची. जॉइनिंगच्या सकाळी त्याचा फोन बंद. आमची फी लटकली, आणि दुपारी त्याच मॅडमचा फोन, "ते फेब्रुवारीवाले आहेत का अजून?"

मी लगेच लावला. मागे ट्रक रिव्हर्स घेतल्याचा आवाज येत होता.

"मॅडम, मी भिवंडीला लागलो. गोडाऊनचं टाइम ऑफिस."

"हातात किती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते हसले. "एकवीस. आज पगारपत्रक काढायचंय, संध्याकाळी करू का फोन?"

म्हटलं, नको काका, तसं काही नाही. टीएलने मला टोकलं, उमेदवाराला 'सर' म्हणायचं. मग आम्ही त्याच पोस्टसाठी पुन्हा रेझ्युमे काढायला बसलो. पोर्टलवर वयाच्या रकान्यात मी काहीच भरलं नाही, आणि तिनेही पाहून न पाहिल्यासारखं केलं.