आत्याचं मम्प्सिमस आणि मामाची देवळाली

दुपारी जेवायला बसलो, ताटात तळलेले बोंबील, आणि खिडकीच्या गजाबाहेर शेजाऱ्यांचं मांजर. घास उचलला की त्याचे डोळे वर, घास गेला की परत ताटात, एवढंच, तोंडातून म्याव सुद्धा नाही. याला जुन्या स्कॉटिश इंग्रजीत चक्क एक क्रियापद होतं, ग्रोक. कुणी जेवत असताना आपल्यालाही काही मिळेल म्हणून गप्प बघत बसणं. आपल्याकडे आशाळभूत आहे म्हणा, पण ते विशेषण झालं. लहानपणी आम्ही शेजारी जाऊन असं बघत बसलो की आई दंडाला धरून बाहेर काढायची, "त्यांच्या पोटात दुखेल ना रे!"

असले मेलेले इंग्रजी शब्द जमवायचा मला नाद आहे. उपयोग शून्य. एका जुन्या डायरीत लिहून ठेवतो, बायको म्हणते त्यापेक्षा दुधाचा हिशोब लिही. त्या डायरीत गार्डीलू आहे. जुन्या एडिंबरात वरच्या मजल्यावरून घाण पाणी रस्त्यावर ओतण्याआधी लोक ही आरोळी द्यायचे, मूळ फ्रेंच म्हणतात, पाणी सांभाळा अशा अर्थाचं. सभ्य माणसं. आमच्या चाळीत आधी पाणी यायचं, आरोळी नंतर, आणि ती खालच्याची.

पण सगळ्यात लाडका शब्द मम्प्सिमस. गोष्ट अशी सांगतात की एक पाद्री लॅटिन प्रार्थनेत 'सुम्प्सिमस'च्या जागी वर्षानुवर्षं 'मुम्प्सिमस' म्हणायचा, कुणीतरी चूक दाखवली तर म्हणाला तुमच्या नव्या सुम्प्सिमससाठी मी माझं जुनं मुम्प्सिमस सोडणार नाही. झालं, तेव्हापासून कळूनही न सोडलेल्या चुकीला आणि ती न सोडणाऱ्या माणसाला हेच नाव. आठव्या हेन्रीने १५४५ साली पार्लमेंटपुढच्या भाषणात हा शब्द वापरला होता, म्हणजे राजालाही अशी माणसं भेटत असणार.

मला तर घरातच आहे. आत्या गणपतीत झांजा घेऊन सगळ्यांच्या वर आवाज काढून "संकष्टी पावावे" म्हणते. मागे तिच्या नातवाने मोबाईलवर आरती काढून दाखवली, आजी, संकटी आहे, संकटात पाव असं. तिने चष्मा लावला, नीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "संकष्टीला पावतो म्हणून संकष्टी. आणि इतकी वर्षं पावलाच ना?" यावर काय बोलणार. 'फणिवरबंधना'ला ती "फळीवर वंदना" म्हणते आणि म्हणताना खरंच हात जोडून फळीकडे बघते, कारण तिच्याकडे देव फळीवरच आहेत. हे मम्प्सिमस असेल तर असू दे, मला तर ते बरोबरच वाटायला लागलंय.

काही शब्द मात्र आपणच साहेबाच्या गळ्यात घातलेत. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली हिंदुस्थानातल्या साहेबी बोलीचा कोश काढला, हॉब्सन-जॉब्सन. नावच बघा, मोहरममधलं "या हसन! या हुसेन!" गोऱ्या सोजिरांच्या कानात शिरलं ते असं बाहेर आलं. त्यात बॉबरी आहे, म्हणजे गोंगाट, दंगा. ते आपलं "बाप रे!"

आणि डूलाली. हा माझ्या आजोळचा शब्द. मे महिन्यात आम्ही देवळाली कॅम्पला असायचो, सकाळी तोफखान्याचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणायची आणि आजी पोळी लाटता लाटता, मान वर न करता, "आज लवकर सुरू झाले मेले" म्हणायची. तिथे १८६१ पासून ब्रिटिशांचा ट्रान्झिट कॅम्प होता. नोकरीची मुदत संपलेले सोजीर इथे येऊन विलायतेच्या बोटीची वाट बघत पडायचे, आणि बोटी सुटायच्या नोव्हेंबर ते मार्च, त्यामुळे एप्रिलात पोचलेला गडी गेला की कामातून. हाताला काम नाही, ऊन, मलेरिया, दारू, मग एखाद्याचं डोकं फिरायचं, त्याला म्हणायचे डूलाली टॅप. टॅप म्हणजे आपला ताप. विलायतेत अजूनही कुणी वेड्यासारखं वागलं की तो डूलाली झाला म्हणतात.

मी हे फार कौतुकाने मामाला सांगायला गेलो. मामा भडकला. "अरे, इथली हवा खायला मुंबईहून पारशी यायचे, सॅनिटोरियमं बांधली त्यांनी, आणि म्हणे वेड लागतं! दारू प्यायची यांनी, चावायचं डासांनी, आणि नाव आमच्या गावाचं?" चहा येईपर्यंत तो हेच बोलत होता. मग म्हणाला, "तू लिहितोस ना काहीबाही, त्या विलायतेतल्या डिक्शनरीवाल्यांना एक कडक पत्र टाक, हा शब्द काढा म्हणावं, इथे सगळी शहाणी माणसं राहतात. आणि खाली पत्ता आपलाच घाल, देवळाली कॅम्प."