केसभर फरकाचा नाद

कोल्हापुरात गाडीचा नाद बहुधा सायलेन्सरपासून सुरू होतो. मूळचा काढून दुसरा बसवल्याशिवाय गाडी आपली झाली असे अनेकांना वाटत नाही, आणि मग ताराराणी चौकात सिग्नल सुटला, की आत बसलेल्यापेक्षा फुटपाथवरच्या माणसांनाच त्या गाडीची जास्त दखल घ्यावी लागते. मलाही नाद आहे, पण तो हॉट हॅच म्हणवल्या जाणाऱ्या लहान, चपळ गाड्यांचा. चार माणसे, बाजाराच्या पिशव्या आणि गावाकडून आलेले तांदळाचे पोते मावेल अशी रोजच्या वापराची गाडी रविवारी पहाटे पन्हाळ्याच्या वळणांवर अंगात आल्यासारखी पळावी, एवढीच माझी अपेक्षा असते. या दोन कामांसाठी दोन गाड्या बाळगणारे लोक आहेत. मला त्यांचा हेवा वाटत नाही, कारण एकाच गाडीकडून दोन्ही कामे करून घेण्यातच खरी मजा आहे.

या जातीची ओळख जगाला ठळकपणे झाली ती फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयमुळे. 1975 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि पुढच्या वर्षी विक्रीला आली. कंपनीने सुरुवातीला पाच हजार गाड्यांचा हिशेब धरला होता. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचे इंजिन 1.6 लिटरचे आणि 110 पीएस, म्हणजे साधारण तेवढ्याच अश्वशक्तीचे होते, वजन मात्र आठशे किलोंच्या आसपास. लोक तो 110 चा आकडा कौतुकाने सांगतात, मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो. वजन कमी असले की ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन या सगळ्यांवरचाच भार हलका होतो.

आपल्याकडे ‘किती देते?’ हा प्रश्न आधी विचारला जातो, त्यामुळे अशा गाड्या आल्या आणि बहुतेक लवकरच गेल्या. 2013 ची पोलो जीटी टीएसआय, 2015 ची 145 बीएचपीची अबार्थ पुंटो, 2017 ची बलेनो आरएस, ही नावे आता जुन्या गाड्यांच्या बाजारातच ऐकू येतात. खुद्द गोल्फ जीटीआय 2025 मध्ये भारतात आली, पण 265 पीएस आणि पन्नास लाखांवरची किंमत पाहिल्यावर आमच्यासारख्यांनी तिचे फोटो बघून समाधान मानले.

माझी गाडी पहिल्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट आहे. 1298 सीसीचे, 87 बीएचपीचे ते इंजिन. हॉट म्हणावे तर कोमटच. पण गाडीचे वजन जेमतेम टनभर आहे आणि इंजिनाला वर चढवले की ते मोकळेपणाने फिरते. मी तिच्यात केलेले बदल बाहेरून सहजी दिसत नाहीत. पहिला खर्च टायरवर केला, कारण इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंग यांनी काहीही ठरवले तरी ते रस्त्याला कळते ते तळहाताएवढ्या चार ठिकाणांतूनच. 185/70 आर 14 च्या जागी 195/60 आर 15 घेतले (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा बाजूच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत; तिसरा रिमचा, इंचांत). गणित करून पाहिले, तर जुन्या चाकाचा व्यास 614.6 मिलिमीटर आणि नव्याचा 615 भरतो. म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही, गिअरचा हिशेब बदलत नाही, टायरची बाजू मात्र साडेबारा मिलिमीटरने कमी होते आणि वळणात ती कमी लवते. सतरा इंची ॲलॉय चाके दिसायला रुबाबदार असतात, हे मान्य. पण जड चाक प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शनला ओढत राहते, आणि आमच्या शहरातले खड्डे पाहता रिम वाकण्याची वेळ फार लांब नसते.

पंधरा इंची टायरांसाठी घेतलेल्या नव्या ॲलॉयच्या मधल्या भोकाचे माप 73.1 मिलिमीटर होते आणि स्विफ्टच्या हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या गोल भागाचे, 54.1. बाजारातले ॲलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून भोक मोठे ठेवलेले असते आणि उरलेली जागा रिंगेने भरायची असते. रिंग नसली तर चाक केवळ नटांच्या भरवशावर मधोमध बसते, आणि ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू होऊ शकते. तयार प्लास्टिकच्या रिंगा मिळतात, पण तापलेल्या ब्रेकशेजारी त्या ठेवायला माझे मन धजेना. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्र्यांत वाहनकंपन्यांसाठी ओतकाम होत असताना चार ॲल्युमिनियमच्या रिंगांसाठी बाहेर ऑर्डर कशाला द्यायची, असे म्हणून मी शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर गेलो.

मेस्त्री साठीच्या पुढचे असावेत. मी कागदावर मापे लिहून नेली होती; त्यांनी कागद बाजूला ठेवला, व्हर्निअर घेतला आणि गाडीपाशी येऊन चारही हब स्वतः मोजले. ‘चारी सारखी असत्यात असं कंपनी म्हणती. आपण मोजायचं,’ असे म्हणून ते परत मशीनवर गेले. ॲल्युमिनियमचा दांडा चकमध्ये धरला, आतून बोअर घेतला, बाहेरून कट मारला, आणि चकाकता कीस त्यांच्या मनगटावर उडत राहिला. शेवटचे दोन कट इतके बारीक होते, की काही निघते आहे की नाही हे मला दिसेना. पहिली रिंग त्यांनी हबवर अंगठ्याने ढकलली. ती निम्म्यावर थांबली आणि लाकडी हातोडीच्या एका हलक्या ठोक्याने आत बसली. ‘केसभर बी ढिली ऱ्हायली असती, तर गाडी बोलली असती बघा साहेब,’ ते म्हणाले. त्यांनी पैसे इतके थोडे सांगितले, की मलाच अवघडल्यासारखे झाले. वर चौकशीही केली, ‘मग आता पिकअप वाढंल काय?’

पिकअप वाढला नाही. पण पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या चढावर गाडी तिसऱ्यात ठेवून, पन्नास-साठच्या वेगाने एका वळणातून दुसऱ्यात जाताना स्टिअरिंगमधून रस्त्याची खरखर बोटांपर्यंत स्वच्छ पोचते, आणि हे सुख वेगाच्या मर्यादेत राहूनही पुरेपूर मिळते. मोठ्या गाडीत एवढ्या वेगाला इंजिन पेंगत असते. इथे ते जागे असते. ऊसतोडणीच्या दिवसांत मात्र हे सुख पहाटेच घ्यावे लागते, कारण नंतर रस्ता ट्रॅक्टरांचा होतो: मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीला दिवा नाही, पुढे स्पीकर मात्र ठणठणीत.

उतरताना कसोटी ब्रेकची. गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली वैभववाडीकडे जाताना नवखे चालक पाय ब्रेकवरून काढतच नाहीत, आणि मध्यावर जळक्या पॅडचा वास येऊ लागतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 230 अंश असावा लागतो, ओल शिरल्यावर मात्र ही किमान मर्यादा 155 वर येते. ते नळीत उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसते. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरणे, हे माझ्या लेखी सर्वांत स्वस्त मॉडिफिकेशन. पन्हाळ्यावर तरुण मुले गाडीभोवती जमून ‘काय काय केलंय हिला?’ असे विचारतात, तेव्हा हे उत्तर ऐकून त्यांचे चेहरे पडतात.

माझ्या एका मित्राकडे पोलो जीटी टीएसआय आहे आणि त्याने ती रिमॅप करून घेतली, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून घेतले. टर्बो, म्हणजे दाबाने जास्त हवा कोंबणाऱ्या इंजिनात हे फळते, कारण सॉफ्टवेअरने टर्बोचा दाब वाढवता येतो. माझ्यासारख्या बिनटर्बोच्या इंजिनात त्याच पैशात हाती फारसे लागत नाही. त्याच्या पोलोचा मूळचा 175 न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सव्वादोनशेच्या आसपास गेल्याचे तो सांगतो. त्या गिअरबॉक्सच्या कोरड्या क्लचची मर्यादा 250 ची सांगितली जाते, म्हणून टॉर्क आणखी वाढवण्याच्या पुढच्या पायरीला मी त्याला ठाम विरोध केला. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तेच बजावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली. मित्र यावर ‘बघू की’ म्हणतो.

सरळ रस्त्यावर तो मला सहज मागे टाकतो. परवा पन्हाळा उतरताना मात्र त्याच्या आरशातून माझी गाडी काही हटेना. खाली पोचल्यावर त्याने टायर वाकून पाहिले, कोणते घेतले ते विचारले आणि नव्या ॲलॉयचा विषय काढला. पोलोच्या हबचे माप 57.1 आहे, म्हणजे मेस्त्रींना वेगळा बोअर घ्यावा लागेल. येत्या शनिवारी त्याला उद्यमनगरात घेऊन जायचे ठरले आहे.