गावातून कोडिंग: वीज, वेळ आणि वेचणी

गावात राहून अमेरिकेतल्या क्लायंटचं काम करायचं, तर आधी वीज सांभाळा. लॅपटॉप 60, राउटर 10 आणि पंखा 75 वॅट धरला, तर भार 145 वॅट. 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरीत 1800 वॅट-तास असतात; पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, आणि थोडी वीज इन्व्हर्टरही खातो. हाती उरतात साधारण 5 तास. कूलर त्यावर लावूच नका. वैशाखात बॅटरीतलं पाणी भराभर आटतं. दर पंधरवड्याला पातळी बघा, डिस्टिल्ड वॉटरच टाका. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. वीज जाताना क्षणभर खंड पडला तरी राउटर रिस्टार्ट होतो, मीटिंग तुटते. त्याला वेगळा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस हवाच.

अमेरिकेत घड्याळं तासभर मागे घेतात, म्हणून वेळेचं गणित नोव्हेंबरात बदलतं. न्यूयॉर्कची सकाळी 10ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी 7:30ला, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून 8:30ला. नेमकी तेव्हाच कपाशीची वेचणी! सकाळी मजुरांसोबत वावरात जायचं असेल, तर रात्री 10नंतर कोड रिव्ह्यू (कोडची तपासणी) घेऊ नका; वेचणीच्या रजा दसऱ्याआधीच कळवा. घरची म्हातारी माणसं जेवायची थांबून राहतात. त्यांच्यासाठी मीटिंगचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा.