अर्ध्या मिलिमीटरचं भोक

ट्रॅक्टरचं डिझेल संपून लाइनीत हवा धरली की काय होतं, हे ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. कॅनने डिझेल ओतलं तरी इंजिन घेत नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत बसायचं, फेस थांबून सलग धार आली की स्क्रू आवळायचा. तरी नाही पेटलं तर नोझलचे नट सैल करायचे. हे सगळं उन्हात, शेताच्या मधोमध.

संगमनेरकडच्या (गाव बदललंय, बाकी त्यांना विचारूनच लिहितेय) एका पंप-नोझलवाल्या काकांनी यावर तोडगा काढला होता. मी पेटंट एजंट, त्यांचा अर्ज मी केला. फिल्टरखालच्या वाटीत एक पोकळ गोळा तरंगत असतो. डिझेल उतरलं की तो खाली येऊन बाहेरची वाट बंद करतो. इंजिन थांबतं, पण पुढची लाइन भरलेली राहते, हवा शिरत नाही. इथवरची कल्पना जुनीच आहे. गंमत पुढे आहे. पंपाच्या ओढीने गोळा बैठकीला असा चिकटतो, की वरून डिझेल ओतलं तरी सुटत नाही. काकांनी त्या बैठकीला बुडाजवळ अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडलं. इंजिन थांबलं की तळाशी उरलेलं डिझेल त्यातून थेंबथेंब आत झिरपतं, ओढ संपते, आणि टाकीत डिझेल पडताच गोळा आपोआप वर येतो. इंजिन चालायला ते भोक पुरत नाही, गोळा सोडवायला पुरतं. मी इंजिनिअरिंग केलंय, पण हे मला सुचलं नसतं.

अर्ज करताना नेहमीचा प्रश्न विचारला, "कुणाला दाखवलंय का?"

"नाही मॅडम. गावातल्याच लोकांना."

त्या 'गावातल्याच'पाशी मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर फी 1600 रुपये. ती भरली, फॉर्म 1 वर त्यांची सही घेतली. त्या फॉर्मात एक ओळ छापलेलीच असते, पेटंट मिळण्याला कायदेशीर हरकतीचं कोणतंही कारण नाही अशी. ती कोणी वाचत नाही. मीही वाचून दाखवली नव्हती.

त्याची किंमत कळली तो दिवस 2022 मधला. सकाळी दुसऱ्याच एका प्रकरणाची व्हिडिओवर सुनावणी होती. पुण्यातली एक कंपनी, गाडीच्या ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाची, सुरक्षा. ईसीयूतलं सॉफ्टवेअर कुणी बदललंय का, हे किल्ली फिरवल्यावर तपासायचं. पण अख्खी मेमरी तपासत बसलं तर गाडी चालू व्हायला उशीर. म्हणून यांची रचना आधी फक्त इंधन सोडणारा भाग तपासते, आणि तो खरा ठरेपर्यंत इंजेक्टरच्या सर्किटला करंटच देत नाही. आक्षेप ठरलेला: पेटंट कायद्याचं कलम 3(के), निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाही. हा परिच्छेद पेटंट कार्यालयातले तपासनीस कुठूनतरी उचलून डकवतात असा माझा जुना संशय आहे. त्यांच्यावरचा फायलींचा ढीग पाहता दोषही देववत नाही. मी 2019 चा दिल्ली उच्च न्यायालयाचा फरीद अलानी निकाल पुढे ठेवला: कायद्यात 'पर से' (म्हणजे 'निव्वळ') हे शब्द उगाच घातलेले नाहीत, तांत्रिक परिणाम दिसला तर नुसतं सॉफ्टवेअर आहे म्हणून नाकारता येत नाही. सुनावणी घेणाऱ्या कंट्रोलर साहेबांनी एकच प्रश्न विचारला, पण नेमका: "तपासणी फसली तर थांबतं काय, प्रोग्राम की करंट?" करंट, सर. तिथेच बाजू फिरली हे मला कळलं.

या कंपनीची गुप्तता म्हणजे एक तऱ्हाच. आकृत्यांची फाइल ईमेलने यायची, तिचा पासवर्ड भलताच माणूस फोनवर सांगायचा. मी वैतागायचे. त्या दुपारनंतर वैतागणं बंद केलं.

दुपारी काकांच्या परीक्षण अहवालाचं उत्तर लिहायला बसले. सहा महिन्यांची मुदत संपत आली होती. आक्षेप म्हणून समोर एक जुनं जर्मन पेटंट लावलेलं. त्यात गोळा सोडवायला हाताने ओढायचा दांडा होता, भोक नव्हतं. उत्तर सोपं होतं. हवा काढण्याचा त्रास कंट्रोलरना नीट समजावा, म्हणून मी यूट्यूबवर मराठीत 'ट्रॅक्टरची हवा काढणे' असं शोधलं.

तिसऱ्या व्हिडिओत काका होते.

तालुक्याचं कृषी प्रदर्शन, मागे फ्लेक्स, भाच्याच्या हातात मोबाइल. काका वाटी खोलतात, बैठक उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, "हे बारीक भोक दिसतंय का? सगळी गंमत ह्यात आहे." माझ्या चार पानांच्या युक्तिवादापेक्षा सरस. तारीख आमच्या अर्जाच्या सात महिने आधीची. अर्जाआधीच जाहीर झालेला शोध नवा धरत नाहीत.

अमेरिकेत शोध लावणाऱ्याला स्वतःच जाहीर केल्यापासून वर्षभर सवलत आहे. आपल्याकडे प्रदर्शनाची सूट आहे ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. तालुक्याच्या मांडवाला ती कुठली? हे आयोजक नवसंशोधकांना शाल-श्रीफळ देतात, माइक देतात. पेटंटचा अर्ज केलाय का, एवढं विचारायला कुणाची जीभ रेटत नाही.

आणि तपासनीसाने तो व्हिडिओ पाहिलेला नव्हता. जर्मन सापडलं, मराठी नाही. ठाऊक असलेली जुनी माहिती आपणहून पुढे ठेवा, असा स्पष्ट नियम अमेरिकेत आहे. आपल्या कलम 8 मध्ये परदेशातल्या अर्जांची माहिती द्यावी लागते, बस. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "तू त्यांची एजंट आहेस की तपासनीस?" त्यांना असले प्रश्न पडत नाहीत, म्हणून त्यांची प्रॅक्टिस मोठी आहे.

काकांना फोन केला.

"काढून टाकायला सांगू का भाच्याला?"

"काढून उपयोग नाही काका. लोकांनी पाहिलंय. कुणी विरोधात गेलं तर दिलेलं पेटंटही रद्द होतं."

"तुम्हाला कुणी दाखवला?"

"मलाच सापडला."

"मग शोधायला कशाला गेलात मॅडम?"

यावर मी काहीतरी बोलले, आता आठवत नाही.

व्हिडिओनंतर त्यांनी एक सुधारणा केली होती. गाळाने भोक तुंबतं म्हणून त्यावर बारीक तारेची जाळी बसवली. ती अर्जात लिहिलेली होती, सुदैवाने. क्लेम, म्हणजे ज्यावर हक्क मागतो ती व्याख्या, जाळीसह असलेल्या भोकापुरता आवळायचा, असं मी सुचवलं. "जाळी कोणीही काढून टाकेल की," काका लगेच म्हणाले. बरोबरच होतं. तरी ते हो म्हणाले. निर्णय त्यांचा होता असं मी सांगते, पण रद्द होण्याची भीती मी जरा जास्तच ठासून मांडली होती.

पेटंट मिळालं, जाळीपुरतं. गेल्या वर्षी काकांनी व्हॉट्सॲपवर एका दुकानातल्या वाटीचा फोटो पाठवला. कुणा भलत्याच कारखान्याचा माल. तोच गोळा, तेच भोक, जाळी नाही. पाठोपाठ मेसेज आला:

"चार महिन्यांत तुंबणार हे."