भेंडीच्या कुंड्या : हळद्या आलाच

पुसा सावनी या भेंडीच्या वाणाच्या कुंड्यांत अखेर हळद्या दिसला, म्हणजे पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूचा रोग. शेंड्याकडचं कोवळं पान उन्हाला धरलं तर शिरा पिवळ्याधमक आणि मधली जागा अजून हिरवी, पानावर जाळं अंथरल्यासारखं. लोहाची कमतरता असती तर उलट दिसलं असतं : शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी फोडण्याआधी एवढं बघून घ्या.

पान उलटल्यावर पांढरी माशी होतीच. जेमतेम 1 मिलिमीटरची, रोप हलवलं की भुर्रकन उडते आणि परत तिथेच येऊन बसते. तिची पिल्लं चपटी, पिवळसर, पानाला चिकटून असतात. भिंगाशिवाय सहज नजरेतून सुटतात. माशीच्या अंगात एकदा विषाणू शिरला की तो तिच्या शरीरात फिरत राहतो आणि ती पुढेही रोग पसरवत राहते. त्यामुळे ‘माश्या चारच आहेत’ यात काही समाधान नाही.

आजारी रोपाला औषध नाही, ते काढायचंच. पण तसंच उपटलं तर माश्या शेजारच्या कुंडीवर जातात. म्हणून सकाळी गारव्यात, माश्या सुस्त असताना, आधी वरून पिशवी घालायची आणि मग मुळासकट ओढायचं. उशिरा बाधलेलं रोप शेंगा देतं, पण त्या फिक्या, निबर आणि आखूड. त्यांच्यासाठी मी रोप राखत नाही. बाकीच्या कुंड्यांत पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावलेत. 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, पानांच्या खालून.

त्याच रांगेतली परभणी क्रांती अजून स्वच्छ आहे. सावनीचा जंगली भेंडीशी संकर करून परभणीच्या कृषी विद्यापीठात काढलेला हा वाण. मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद 1924 मध्येच झाली होती. गंमत म्हणजे सावनीसुद्धा एके काळी याच रोगाला दाद न देणारी म्हणून गाजली होती, त्यामुळे क्रांतीच्या भरवशावर सापळे काढणार नाही.

पुढच्या पेरणीत क्रांतीच जास्त. सावनीचं एखादं रोप मात्र मुद्दाम लांब, कडेला ठेवेन; माशी विषाणू घेऊन आली तर बहुधा आधी तिथे कळेल. रोग घरात ठेवण्यासारखं आहे असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पहिली शीर पिवळी दिसली की त्याच दिवशी पिशवी.