खांबाआडची जागा

शिकागोच्या रिग्ली फील्डवर मी पहिला बेसबॉल सामना २००५ साली पाहिला असे मी सगळ्यांना सांगतो, पण खरे म्हणजे त्यातला दोनतृतीयांशच पाहिला, कारण उरलेल्या सामन्यासमोर एक पोलादी खांब उभा होता. तिकीट इतके स्वस्त कसे मिळाले, याचा उलगडा जागेवर बसल्यावर झाला. पिचरने चेंडू टाकण्यासाठी हात मागे नेला की तो खांबाआड नाहीसा होई आणि चेंडू तेवढा खांबाच्या दुसऱ्या कडेने फलंदाजाकडे जाताना दिसे. शेजारी एक वयस्क बाई मांडीवर गुणपत्रक घेऊन पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करत बसल्या होत्या. चेंडू टाकण्याची वेळ झाली की त्या सवयीने डावीकडे कलत, त्यांच्याबरोबर आमची रांगच्या रांग डावीकडे कले, आणि चेंडू पडला की सगळे पुन्हा सरळ होत. दुसऱ्या डावापर्यंत मीही त्या लयीत सामील झालो होतो.

डोक्यावर जाळी ताणलेली होती. आदल्या वर्षी वरच्या मजल्याच्या काँक्रीटचे तुकडे खाली पडले होते, म्हणून ती लावली होती. म्हणजे मैदान जुने आणि देखणे होते तसेच ते जीर्णही झाले होते, आणि त्याचे काहीतरी करावे लागणार हे जाळीखाली बसणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. तरीही दुरुस्तीचा विषय निघाला की हीच माणसे, घरातल्या म्हाताऱ्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघावा तशी, बोलणे बदलत.

२००८ साली अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्याहून आले तेव्हा त्यांना हौसेने मी त्याच जागी नेले. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. पहिल्या दोन डावांत त्यांनी ‘याला षटके किती?’ एवढेच विचारले आणि उत्तर न पटल्यामुळे खेळावरचे लक्ष काढून खांबावर केंद्रित केले. ‘हा खांब काढत का नाहीत?’ असे मीच वैतागून म्हणालो, तेव्हा त्यांनी बोटाने वरचा मजला दाखवला. ‘अरे, या खांबांवरच तो उभा आहे. खांब काढायचे तर मजला मागच्या बाजूने पेलून धरावा लागेल, आणि मग तो मैदानापासून बराच मागे न्यावा लागेल. आत्ता वरच्या माणसाला पिचरचा चेहरा दिसतो ना? तो दिसायचा बंद होईल.’ नव्या, बिनखांबी मैदानांत वरच्या मजल्यावरून खेळ मुंग्यांचा का वाटतो, हे मला तिथे समजले. आमच्या रांगेने सोसलेल्या अडचणीवर वरच्या हजारो लोकांची जवळीक उभी होती. हे कळल्यावर माझा खांबावरचा राग गेला, मान दुखायची मात्र थांबली नाही.

इथे खेळणाऱ्या शिकागो कब्ज या संघाची मालकी २००९ साली रिकेट्स कुटुंबाकडे आली आणि २०१४ चा मोसम संपताच मैदानाचे मोठे काम सुरू झाले. त्याला काय म्हणावे, हा प्रश्न मला मराठीतच पडतो. नूतनीकरण हा कचेरीतला शब्द झाला. पुनर्विकास म्हटले की पुण्यातला वाडा डोळ्यांसमोर येतो, जो पुरता पाडतात आणि नंतर ज्याचा फोटो नव्या इमारतीच्या लिफ्टशेजारी लावतात. इथे संघ घर सोडून गेला नाही. ओळीने पाच हिवाळे, खेळाडू आणि प्रेक्षक नसताना, शिकागोच्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत काम चाले, आणि एप्रिलमध्ये दारे उघडत. पूजा खंडित होऊ न देता गाभाऱ्याभोवतीचे देऊळ बदलत जावे तसा हा प्रकार होता, म्हणून मी जीर्णोद्धार म्हणतो.

चाहत्यांचा सर्वांत मोठा आक्षेप डाव्या बाजूला उभ्या राहणाऱ्या, सुमारे चार हजार चौरस फुटांच्या व्हिडिओ पडद्याला होता. ‘मैदानाचे मूळ रूप जाईल,’ असे सगळे म्हणत. मला त्या मूळ शब्दाची मौज वाटते. हे मैदान १९१४ साली बांधले गेले ते दुसऱ्याच संघासाठी, वीगमन पार्क या नावाने. कब्ज संघ १९१६ साली इथे आला. ज्या आयव्हीच्या वेलींनी मढलेल्या भिंतीवर लोक जीव टाकतात, ज्यात चेंडू हरवला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचे दोन टप्पे, मिळतात, त्या वेली १९३७ सालच्या नूतनीकरणात लावलेल्या आहेत. लावणारा बिल वेक हा तेवीस वर्षांचा तरुण मैदानाच्याच वर्षी जन्मलेला होता. ज्यावर अजूनही माणसे आत चढून हाताने आकडे लावतात तो गुणफलकही त्याच वर्षीचा. (आमचे ब्रेबॉर्नही १९३७ चेच, हे मी अण्णांना सांगितले तेव्हा तो सामना त्यांना एकदम जवळचा वाटू लागला.) दर्शनी भागावरच्या पाटीचा प्रसिद्ध लाल रंगसुद्धा १९६० च्या दशकातला. दिव्यांची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. १९४१ साली दिव्यांसाठी सामान आणले होते, ते युद्धकार्याला देऊन टाकले, आणि मग १९८८ पर्यंत इथे फक्त दिवसा खेळ होई. दिवे लागणार म्हणताच मोठा विरोध झाला, आणि ८ ऑगस्टला दिव्यांखालचा पहिला सामना सुरू झाला तो पावसाने धुऊन नेला. विरोधकांना केवढे समाधान वाटले असेल!

पडद्याने रस्त्यापलीकडच्या गच्च्यांवरून दिसणारा खेळ अडला, म्हणून गच्चीमालक कोर्टात गेले आणि हरले. २०१५ च्या पहिल्या सामन्याला तर ब्लीचर्सचे, म्हणजे मैदानाच्या टोकाकडच्या उघड्या सज्ज्याचे, बाकच बांधून झालेले नव्हते आणि स्वच्छतागृहांपुढच्या रांगा काही केल्या सरकत नव्हत्या. त्या मोसमात पेन्सिलवाल्या बाई पुन्हा शेजारी भेटल्या. पडद्याकडे आपण बघणारच नाही, असे त्यांनी आल्या आल्या जाहीर केले. चौथ्या डावात एक चेंडू खांबाआड गेला, पेन्सिल हवेत थांबली, आणि बाईंनी इकडेतिकडे पाहून हळूच नजर पडद्याकडे नेली. पुनर्दर्शन संपेपर्यंत त्यांनी नोंद केली नाही. मी पाहिले नाही असे दाखवले.

पण सगळेच आक्षेप स्मरणरंजनाचे नव्हते. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२२ साली या कामाबद्दल खटला भरला. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांच्या जागा बऱ्याच ठिकाणी शेवटच्या रांगेत ढकलल्या, पुढचे लोक उभे राहिले की त्यांना खेळ दिसत नाही, असे त्यात म्हटले होते, आणि २०२४ साली त्यावर समझोता झाला. खांब हे भूतकाळाचे देणे आहे, ते मी मान वाकडी करून फेडतो. नव्याने बांधताना निर्माण केलेल्या अडचणीला ती सबब नाही. आणि ज्याला डावीकडे कलताच येत नाही, त्याला माझ्या खांबप्रेमाचे कौतुक कशाला असावे?

२०१६ च्या नोव्हेंबरात कब्ज संघाने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली, तीही क्लीव्हलंडमध्ये. इकडे लोक रिकाम्या मैदानाशी गोळा झाले आणि वेव्हलंड व शेफील्ड रस्त्यांवरच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावे लिहू लागले: हा दिवस न पाहता गेलेल्या आजोबांची, आयांची, भावांची. खालच्या विटा भरल्या तशी माणसे एकमेकांच्या खांद्यांवर चढली. ब्लीचर्स रस्त्याकडे सरकवताना त्या भिंती नव्याने उभारल्या होत्या. विटांना दोन वर्षेही झाली नव्हती. एरवी ‘मूळ’ विटेसाठी भांडणारी माणसे त्यांवर हात ठेवून रडत होती.

एका अनोळखी मुलीने मलाही खडूचा तुकडा दिला. पदपथाजवळ एक वीट कोरी होती, तिच्यावर मी देवनागरीत ‘अण्णा’ लिहिले. ते त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. शेजारच्या माणसाने कुतूहलाने विचारले, तेव्हा वडिलांचे नाव आहे असे मी सांगितले. ‘कब्जचे चाहते होते?’

‘नाही,’ मी म्हणालो, ‘एकशेपाचव्या रांगेतल्या खांबाचे,’ आणि आमच्या रांगेला असा काही क्रमांकच नाही, हे मला घरी आल्यावर आठवले.