लांडगेतोड

आमच्या लहानपणी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरी ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली जात असे, की कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) गडग्यापलीकडे संध्याकाळी काही हलले की तो लांडगाच असणार, अशी माझी खात्री होऊन बसली होती. प्रत्यक्षात म्हादईच्या आणि मोलेच्या दाट, ओल्या जंगलात बिबटा आहे, टोळीने शिकार करणारे कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आहेत, पण ते काही लांडग्याचे रान नव्हे. आपल्याकडचा लांडगा माळरानाचा रहिवासी. त्याला पाहायचे तर चोर्ला घाट चढून, बेळगाव मागे टाकून दख्खनच्या पठारावर बरेच आत शिरावे लागते. मला तो दिसला तो वयाच्या चाळिशीनंतर, सोलापूरला मावसभावाकडे गेलो असताना, नान्नजच्या माळावर.

थंडीतली सकाळ होती. काळविटांचा एक कळप चरत होता आणि त्यांच्याकडे दोन लांडगे अगदी उघडपणे, जणू बाजाराला निघाल्यासारखे, चालत येत होते. काळविटांनी माना वर केल्या. पुढचा लांडगा एकाएकी धावला, कळप उधळला आणि शे-दीडशे पावलांत लांडगा थांबून मागच्या पायांवर बसला. झाले. मी श्वास रोखून बसलो होतो, मावसभाऊ मात्र थर्मासमधला चहा ओतत म्हणाला, “हे रोजचंच आहे रे. दमला नाहीये तो, फक्त बघून घेतलं त्यानं.”

‘बघून घेतलं’ हा शब्द मला तेव्हा थट्टेचा वाटला होता. नंतर वाचत गेलो तेव्हा कळले की लांडग्याच्या शिकारीचे मर्म तोच आहे. अमेरिकेतील सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल या बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस (सांबराच्या जातकुळीतले, पण वजनाने त्याहून कितीतरी भारी जनावर) यांचा अभ्यास चालू आहे. तेथे वन्यजीवशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी छोट्या विमानातून पाठलाग पाहिले. त्यांना असे आढळले, की लांडग्यांनी गाठून अजमावलेल्या मूसपैकी जेमतेम ८ टक्के त्यांच्या हाती लागले. जो मूस पाय रोवून समोर उभा राहिला, त्याला काही मिनिटे घेरून लांडगे निघून जात. जो पळाला, त्याच्या मागे ते लागत आणि त्याच्या धावण्यात लंगडेपणा, दमछाक किंवा वय दिसले तरच पाठलाग पुढे चालवत. मूसची एक लाथ लांडग्याच्या बरगड्या मोडू शकते आणि जायबंदी शिकाऱ्याची उपासमार ठरलेलीच असते. म्हणून आधी पारख, मग जोखीम.

टोळीबद्दलही माझी समजूत चुकीची निघाली. जितके लांडगे जास्त तितकी शिकार सोपी, असे वाटते खरे. पण १९९५ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे पुन्हा सोडल्यानंतर तेथे झालेल्या निरीक्षणांत एल्क हरणाच्या बाबतीत चौघांपुढे संख्या वाढली तरी यश वाढत नाही, असे दिसले. पुढचे चौघे जोखीम घेतात आणि उरलेले मागे रेंगाळतात, पंगतीला मात्र सगळे हजर! (आमच्या गावच्या जत्रेच्या समितीत मी हेच पाहत आलो आहे.) गव्यासारख्या धिप्पाड बायसनला लोळवायचे असेल तेव्हा मात्र मोठ्या टोळीचा खरोखर उपयोग होतो. आणि टोळी म्हणजे तरी काय, तर बहुतेकदा एक जोडपे आणि त्यांची गेल्या दोन-तीन वर्षांची पिल्ले. आपल्या माळावर तर अनेकदा नुसते जोडपेच.

अधाशीपणे केलेल्या ओरबाडण्याला आपण मराठीत ‘लांडगेतोड’ म्हणतो. हा शब्द निम्माच खरा आहे. शिकार पडली की लांडगे खरेच घाईने खातात. मोठा लांडगा एका बैठकीत नऊ-दहा किलो मांस पोटात घालू शकतो. पण त्या घाईला कारण आहे: पुढचे जेवण कधी, हे ठाऊक नसते, आणि थंड प्रदेशात डोमकावळे थव्याने येऊन मांस पळवतात. खाण्यात क्रमही असतो. आधी काळीज, हृदय, फुप्फुसे. पोटातला अर्धवट पचलेला चारा बाजूला सांडून दिला जातो. मग मांड्यांचे मांस, आणि अगदी शेवटी कातडे व हाडे. तुडुंब पोटाने घरी परतलेल्या आईबापांच्या जबड्याला पिल्ले चाटू लागतात, आणि मग ते ओकून त्यांना भरवतात. उरलेले कधी जमिनीत पुरूनही ठेवतात.

लांडगेतोड हा शब्द ज्यांनी घडवला, त्यांनी बहुधा मेंढवाड्यातला लांडगा पाहिला असावा. त्या दिवशी दुपारी भेटलेल्या एका धनगरमामांनी मला त्यांची वाघूर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचे जाळे, हाताने ताणून दाखवली. एकदा लांडगा आत शिरला आणि एकाऐवजी चार कोकरे मारून गेला, असे ते सांगत होते. माळावर पाठलाग थांबतो, कारण काळवीट निसटते. जाळ्यात मेंढरू निसटू शकत नाही, त्यामुळे समोर जे धडपडते त्याच्यावर लांडगा पुन्हा पुन्हा झडप घालतो. मामांच्या बोलण्यात राग होता, आश्चर्य मात्र नव्हते.

परतताना पायवाटेवर वाळून पांढरी पडलेली लांडग्याची विष्ठा दिसली. मावसभावाने काडीने ती फोडली. आत काळविटाचे केस दोरीसारखे पिळले गेले होते आणि त्या पिळात हाडांचे टोकदार तुकडे गुंडाळलेले होते. आतडे फाटू नये म्हणून एखाद्याने मुद्दाम बांधून द्यावेत तसे. त्याच्या शेजारी तीन-चार गोल, कठीण बिया होत्या. मी उचलून बघितल्या. बोरांच्या होत्या.